चोख खरेदीचा मान : सार्वजनिक खरेदीचे पुरस्कार आणि गावपातळीवरची तयारी

सरकारी किंवा निमसरकारी संस्थेने लोकांच्या पैशातून वस्तू, सेवा किंवा बांधकाम घेणे म्हणजे सार्वजनिक खरेदी. शाळेचे बाक, दवाखान्यातील औषधे, नळयोजनेचा पंप, रस्त्याची खडी, रेल्वेचे रूळ या प्रत्येकामागे एक मागणी, एक निविदा किंवा कोटेशन, एक आदेश आणि एक बिल असते. हे काम नीट झाले तर ते कुणाच्या लक्षात येत नाही. चुकले तर लेखापरीक्षणाचा आक्षेप येतो, चौकशी लागते, गावात बोभाटा होतो. चोख खरेदी करणाऱ्या लिपिकाच्या, भांडारपालाच्या किंवा अभियंत्याच्या तळमळीची दखल घेणारी व्यवस्था फार थोड्या ठिकाणी आहे. सार्वजनिक खरेदीचे पुरस्कार ती उणीव भरून काढतात.

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील लोंढा गावात असे दोन सार्वजनिक खरेदीदार शेजारी शेजारी नांदतात. एक रेल्वे. मिरज–हुबळी मार्ग आणि कॅसलरॉकवरून गोव्याकडे उतरणारा मार्ग लोंढा जंक्शनला मिळतात आणि इथला कारभार हुबळीहून, दक्षिण पश्चिम रेल्वेकडून चालतो. दुसरी ग्रामपंचायत. पाणी, पथदिवे, गटारे आणि अंतर्गत रस्ते यांची जबाबदारी तिच्यावर असते. रेल्वेकडे खरेदीसाठी स्वतंत्र विभाग आणि तज्ज्ञ माणसे आहेत. पंचायतीत तेच काम पंचायत विकास अधिकारी (पीडीओ), सेक्रेटरी आणि बिल कलेक्टर इतर शंभर कामांच्या जोडीला करतात. म्हणून पुरस्काराच्या वाटेवर मार्गदर्शनाची खरी गरज पंचायतीला आहे.

पुरस्कार कोणकोणते

सार्वजनिक खरेदीला स्वतंत्र क्षेत्र मानून पुरस्कार देण्याची प्रथा परदेशात चांगली रुजली आहे. अमेरिकेत नॅशनल प्रोक्युअरमेंट इन्स्टिट्यूटचा ‘अचीव्हमेंट ऑफ एक्सलन्स इन प्रोक्युअरमेंट’ हा सन्मान १९९५ पासून दिला जातो. संस्थेने ठरलेल्या निकषांवर स्वतःचे पुरावे सादर करायचे आणि आवश्यक गुण मिळवायचे, अशी त्याची पद्धत आहे. ब्रिटनमध्ये शासकीय खरेदीसाठी ‘गो अवॉर्ड्स’ आहेत. युरोपात ‘प्रोक्युरा प्लस’ पुरस्कार पर्यावरणाचा विचार करून आणि नवी वाट शोधून केलेल्या खरेदीला दिले जातात. युक्रेनच्या ‘प्रोझोरो’ या ई-खरेदी प्रणालीला २०१६ मध्ये वर्ल्ड प्रोक्युअरमेंट अवॉर्ड्समध्ये सार्वजनिक क्षेत्राचा पुरस्कार मिळाला. स्वयंसेवक, व्यापारी आणि शासन यांनी मिळून उभी केलेली ही प्रणाली निविदेपासून करारापर्यंतची माहिती सर्वांसाठी खुली ठेवते. नागरिकांना तिच्यावर लक्ष ठेवता यावे म्हणून ‘डोझोरो’ ही जोडव्यवस्थाही पुढे तयार झाली. तिथल्या पुरस्काराचा मान यंत्रापेक्षा या खुलेपणाला होता.

भारतात शासकीय खरेदीचे ‘गव्हर्न्मेंट ई-मार्केटप्लेस’ म्हणजे ‘जेम’ हे संकेतस्थळ ९ ऑगस्ट २०१६ रोजी सुरू झाले. त्यावरील उत्तम खरेदीदार आणि विक्रेते यांचा गौरव केला जातो. जून २०२३ मध्ये दिल्लीत झालेला ‘क्रेता-विक्रेता गौरव सन्मान समारोह’ हे त्याचे उदाहरण. त्यात वेळेवर पैसे चुकते करणाऱ्यांसाठी वेगळा गट होता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. विक्रेत्याचे बिल महिनोन् महिने अडकले की पुढच्या वेळी तो दर चढवून सांगतो किंवा फिरकतच नाही. वेळेवर पैसे देणारा खरेदीदार पुढची खरेदी स्वस्त करत असतो.

पंचायतींसाठी दोन दारे उघडी आहेत. पहिले कर्नाटक शासनाचा गांधी ग्राम पुरस्कार. तालुक्यातील एका उत्तम ग्रामपंचायतीला ५ लाख रुपये मिळतात आणि हा सन्मान गांधी जयंतीशी जोडलेला आहे. दुसरे केंद्राचे राष्ट्रीय पंचायत पुरस्कार. त्यांची रचना नऊ विषयांभोवती केलेली आहे आणि त्यांत सुशासन व स्वयंपूर्ण पायाभूत सुविधा हे विषय आहेत. २४ एप्रिल हा राष्ट्रीय पंचायत राज दिन. दोन्ही पुरस्कार संपूर्ण कारभाराचे आहेत, नुसत्या खरेदीचे नाहीत. पण पाणी, दिवे, स्वच्छता, शाळेची दुरुस्ती यांतले काहीही खरेदीवाचून होत नाही. खरेदीचे दप्तर विस्कळीत असलेल्या पंचायतीला या प्रश्नावल्यांची पुराव्यानिशी उत्तरे देणे जड जाते.

रेल्वेतही ही परंपरा आहे. उत्तम कामगिरी करणाऱ्या कर्मचाऱ्यांना अति विशिष्ट रेल सेवा पुरस्कार मिळतो, विभागांना ढाली दिल्या जातात आणि त्यांत भांडार म्हणजे स्टोअर्स विभागाचीही ढाल असते. रेल्वेची खरेदी ‘आयरेप्स’ या तिच्या स्वतःच्या ई-निविदा प्रणालीवर होते. लोंढ्यासारख्या स्थानकावरच्या कर्मचाऱ्याचे नाव पुढे जाण्याची वाट वरिष्ठांच्या शिफारशीने हुबळी विभागातून जाते.

परीक्षक काय पाहतात

देश आणि संस्था बदलली तरी निकष बहुतेक सारखे असतात.

कायदा पाळणे हा पाया. तमिळनाडूने १९९८ मध्ये निविदा पारदर्शकता कायदा केला. पाठोपाठ कर्नाटकाने १९९९ चा सार्वजनिक खरेदी पारदर्शकता कायदा केला, तो केटीपीपी कायदा म्हणून ओळखला जातो. ठरावीक रकमेवरील खरेदी खुल्या निविदेनेच करणे, निविदेत लिहिलेल्या कसोट्यांवरच तिचे मूल्यमापन करणे आणि नाराज निविदाकाराला कलम १६ खाली ३० दिवसांत अपील करता येणे ही त्याची ठळक अंगे. राज्याच्या ई-निविदा आता कर्नाटक पब्लिक प्रोक्युअरमेंट पोर्टलवर निघतात. निविदेशिवाय खरेदी करण्याची रक्कममर्यादा आणि निविदेची किमान मुदत शासन वेळोवेळी बदलते, म्हणून प्रत्येक खरेदीच्या वेळी चालू आदेशाची प्रत काढून फाइलला लावावी.

दुसरा निकष पैशाचे मोल. सर्वांत कमी दर आणि सर्वांत कमी खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिसरा निकष स्पर्धा आणि समावेश. किती जणांनी दर भरले, नव्या आणि छोट्या पुरवठादाराला संधी मिळाली का, हे त्यात येते. केंद्राच्या २०१२ च्या धोरणानुसार केंद्रीय खात्यांनी आणि सार्वजनिक उपक्रमांनी सूक्ष्म व लघुउद्योगांकडून घ्यायच्या खरेदीचे प्रमाण आता २५ टक्के आहे. त्यातच ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी राखलेले आहे. कर्नाटकात ठरावीक मर्यादेपर्यंतच्या कामांत अनुसूचित जातींच्या कंत्राटदारांसाठी १७.१५ टक्के आणि अनुसूचित जमातींसाठी ६.९५ टक्के कामे राखीव आहेत.

चौथा निकष खुलेपणा. लोकांना माहिती मिळाली का आणि ती त्यांना कळली का? पाचवा आणि सर्वांत वजनदार निकष परिणाम : खरेदीनंतर गावात काय बदलले. पहिल्या चारही कसोट्यांवर उतरलेला पंप तीन महिन्यांत बंद पडला तर ती खरेदी उत्कृष्ट ठरत नाही.

एका खरेदीची फाइल

पुरस्काराचा अर्ज वर्षाअखेरीस भरला जातो, पण तो तयार होतो खरेदीच्या दिवशी. मागाहून जमवलेले कागद तारखांनी उघडे पडतात. म्हणून प्रत्येक खरेदीची फाइल पहिल्या दिवसापासून क्रमाने लावणे हेच तयारीचे मुख्य काम. पथदिव्यांच्या खरेदीचे काल्पनिक उदाहरण घेतले तर हा क्रम स्पष्ट होतो.

समजा, लोंढ्यासारख्या जंगलपट्ट्यातील पंचायतीला ६० एलईडी पथदिवे घ्यायचे आहेत. पहिला कागद गरजेचा असावा. वॉटरमन किंवा बिल कलेक्टरने रात्री फेरी मारून कोणत्या खांबावरचा दिवा बंद आहे, कुठे खांब आहे पण दिवाच नाही, याची क्रमांकवार यादी करावी. या यादीमुळे ६० हा आकडा कुठून आला याचे उत्तर कायमचे मिळते. ग्रामसभेत आणि पंचायतीच्या बैठकीत ठराव होतो तेव्हा हीच यादी त्याला जोडावी.

दुसरा कागद वस्तूच्या वर्णनाचा, म्हणजे स्पेसिफिकेशनचा. बहुतेक खरेदी इथेच बिघडते. ‘चांगल्या प्रतीचा एलईडी दिवा’ असे लिहिले की कोणताही दिवा त्यात बसतो. खानापूरच्या पश्चिम भागात जून ते सप्टेंबर धो धो पाऊस पडतो आणि वळवाच्या दिवसांत विजा कडाडतात. त्यामुळे दिवा आयपी ६६ दर्जाचा असावा, म्हणजे आत धूळ शिरू नये आणि जोराच्या पाण्याच्या फवाऱ्यातही त्याने टिकावे. विजेच्या अचानक वाढलेल्या दाबापासून संरक्षण, प्रकाशाची किमान मात्रा, कमाल वॅट, भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि पाच वर्षांची बदलून देण्याची हमी हेही लिहावे. कंपनीचे नाव लिहू नये. नाव लिहिले की स्पर्धा संपते.

कमाल वॅट आणि हमी यांचा आग्रह का, ते हिशेबाने दिसते. एक दिवा ३६ वॅटचा, १,४०० रुपयांचा, एक वर्षाच्या हमीचा. दुसरा तेवढाच उजेड देणारा, पण २४ वॅटचा, २,२०० रुपयांचा, पाच वर्षांच्या हमीचा. ६० दिव्यांमागे दुसरा ४८,००० रुपयांनी महाग. मात्र प्रत्येक दिव्यामागे १२ वॅट वाचतात. रोज १२ तास जळणाऱ्या ६० दिव्यांमागे वर्षाला सुमारे ३,१५० युनिट होतात. युनिटचा दर ७ रुपये धरला तर हेस्कॉम या वीज कंपनीच्या बिलात वर्षाला सुमारे २२,००० रुपयांची बचत होते. जास्तीचे पैसे सव्वादोन वर्षांच्या आत निघतात, आणि पाच वर्षांत बचत १ लाख १० हजारांच्या घरात जाते. पहिला दिवा वर्षानंतर बिघडला तर नवा घ्यावा लागेल, तो खर्च वेगळाच. हा हिशेब एका पानावर मांडून फाइलला लावावा. परीक्षकाला पैशाचे मोल समजावण्यासाठी याहून चांगला कागद नाही. एक पथ्य मात्र पाळावे. हे निकष दर मागवण्याआधी निविदेत लिहिलेले असले पाहिजेत. दर उघडल्यावर नवा निकष लावून स्वस्त निविदा बाजूला सारता येत नाही.

तिसरा कागद रकमेचा. अंदाजपत्रक, पैसा कोणत्या निधीतून येणार ते, आणि मंजुरी. मर्यादेखाली आणण्यासाठी एका खरेदीचे तुकडे पाडू नयेत. ६० दिवे २०-२० च्या तीन कोटेशनमध्ये घेतले की लेखापरीक्षकाचे बोट नेमके तिथे जाते. तीन कोटेशने एकाच हस्ताक्षरात किंवा एकाच छपाईतली असतील तर ती स्पर्धा कागदावरचीच.

चौथा टप्पा दर मागवणे आणि उघडणे. सूचना पोर्टलवर जाते. शिवाय ती पंचायतीच्या फलकावर लावून तिचे तारीख दिसणारे छायाचित्र ठेवावे. पंचायतींच्या हिशेबाची ई-ग्रामस्वराज प्रणाली आणि जेम यांची जोडणी २४ एप्रिल २०२३ रोजी झाली, तेव्हापासून पंचायतींना जेमवरून खरेदीची वाट मोकळी आहे. कोणती वाट धरायची ते राज्याच्या आदेशानुसार ठरवावे आणि कारण टिप्पणीत लिहावे. दर आल्यावर तुलनात्मक तक्ता करावा, त्यावर सर्वांच्या सह्या घ्याव्यात आणि नाकारलेल्या प्रत्येक निविदेचे कारण एका वाक्यात नोंदवावे.

पाचवा टप्पा आदेश. पुरवठा आदेश किंवा कार्यादेश हाती पडल्याशिवाय माल घेऊ नये, काम सुरू करू देऊ नये. २०२२ मध्ये बेळगावजवळच्या हिंडलग्यात कार्यादेशाविना झालेल्या कामांच्या बिलांवरून उभे राहिलेले प्रकरण राज्यभर गाजले. तोंडी शब्दावर झालेले काम कंत्राटदाराला, पंचायतीला आणि गावाला किती महाग पडू शकते, हे त्यातून साऱ्यांनी पाहिले.

सहावा टप्पा माल ताब्यात घेणे. खोकी मोजून सही करणे म्हणजे तपासणी नव्हे. ६० पैकी कोणतेही पाच दिवे काढावेत, त्यांचे रबरी पट्टे नीट बसले आहेत का पाहावे, साध्या मीटरवर प्रत्यक्ष वॅट मोजावेत आणि एक दिवा पेटता ठेवून त्यावर नळीने पाणी मारावे. ही पाहणी वायरमन, एक पंचायत सदस्य आणि एक ग्रामस्थ यांच्यासमोर व्हावी. निकाल तिथेच लिहून सह्या घ्याव्यात. नंतर साठा नोंदवहीत नोंद करावी आणि कोणता दिवा कोणत्या खांबावर गेला ते पहिल्या यादीसमोर लिहावे. मृग लागण्याआधी दिवे खांबावर चढले पाहिजेत. मार्चअखेर निधी संपवण्याच्या घाईत घेतलेला माल पावसाळाभर कोठडीत पडून राहिला, तर खरेदी झाली पण उजेड पडला नाही.

सातवा टप्पा पैसे देणे आणि हमी पाळून घेणे. बिल आल्याची आणि चुकते झाल्याची तारीख एका ओळीत लिहावी, मधले दिवस मोजावेत. हमीची अंतिम तारीख फाइलच्या मुखपृष्ठावर ठळक असावी. बंद पडलेला दिवा हमीत बदलून घेतल्याची प्रत्येक नोंद पुरस्काराच्या दृष्टीने मोलाची, कारण खरेदीनंतरही कुणीतरी जागे होते हे तिच्यातून सिद्ध होते.

गावासमोर हिशेब

कर्नाटकात ग्रामपंचायतीची जमाबंदी दरवर्षी १६ ऑगस्ट ते १५ सप्टेंबर या काळात होते. बाहेरचे अधिकारी येऊन गावासमोर हिशेब आणि कामे पाहतात. अनेक ठिकाणी तो एक उपचार उरतो. खरेदीच्या पुरस्काराची आस असलेल्या पंचायतीने जमाबंदीला परीक्षा मानावे. मोठ्या खरेद्यांची यादी, किंमत, पुरवठादार, हमीची मुदत आणि जागा असा एक तक्ता फलकावर लावावा. दप्तराची भाषा कन्नड असली तरी सीमाभागातील गावात तोच तक्ता मराठीतून वाचून दाखवावा, म्हणजे घराघरातल्या बायाबापड्यांनाही तो कळतो. लोकांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांना दिलेली उत्तरे इतिवृत्तात यावीत. अवघड प्रश्न गाळून लिहिलेले इतिवृत्त परीक्षकाला लगेच ओळखू येते.

अर्ज कसा लिहावा

अर्ज थोडक्यात असावा. सगळ्या खरेद्या सांगण्यापेक्षा एक-दोन निवडाव्यात आणि त्या पूर्ण सांगाव्यात : आधी काय अडचण होती, काय ठरवले, कसे केले, किती खर्च आला, काय बदलले. प्रत्येक विधानाला फाइलमधील एका कागदाचा आधार असावा आणि त्याचा क्रमांक समासात द्यावा. ‘पारदर्शक कारभार केला’ या वाक्याला गुण मिळत नाहीत. ‘पाच जणांनी दर भरले, तुलनात्मक तक्ता दुसऱ्या दिवशी फलकावर लावला’ या वाक्याला मिळतात.

चूक झाली असेल तर तीही लिहावी. पहिल्या खेपेचे चार दिवे तपासणीत नापास झाले आणि परत पाठवले, ही पंचायतीची नामुष्की नसून तपासणी खरी असल्याचा दाखला आहे. काम करणाऱ्यांची नावे द्यावीत. अध्यक्ष आणि पीडीओ यांच्याबरोबर रात्रीची यादी करणारा वॉटरमन आणि मीटर लावून पाहणारा वायरमन यांचाही उल्लेख हवा. तळमळ शोधायची ती इथे. नेमून दिलेल्या कामापलीकडे पाऊल टाकणारा माणूस कोण, हे अर्जातून दिसले पाहिजे.

कोणत्या पुरस्कारापासून दूर राहावे

पुरस्कार देणाऱ्या खासगी संस्थाही असतात. अर्ज करण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात : निकष आधी जाहीर आहेत का, परीक्षक कोण आहेत, आणि विजेत्याकडून पैसे घेतले जातात का. निवड कळवून लगेच ‘सहभाग शुल्क’ किंवा जाहिरात मागितली तर तो मान विकत घेतलेला ठरतो, आणि लोकांच्या पैशातून असा मान घेणे ही स्वतःच एक वाईट सार्वजनिक खरेदी. पंचायतीला माल पुरवणाऱ्या व्यापाऱ्याने किंवा कंत्राटदाराने दिलेला सत्कारही नाकारावा, हेतू कितीही चांगला असो.

स्वतःचा सन्मान

वरच्या पुरस्कारांची वाट न पाहता पंचायत, शाळेची विकास व देखरेख समिती (एसडीएमसी), दूध संस्था किंवा पतसंस्था आपल्या पातळीवर सन्मान सुरू करू शकते. त्याला फारसा खर्च येत नाही. वर्षातील सर्व खरेद्यांतून एक निवडावी. निवड गावाबाहेरच्या दोघांनी करावी, उदाहरणार्थ एखादे निवृत्त मुख्याध्यापक आणि निवृत्त अभियंता. निकष तीनच ठेवावेत : फाइल पूर्ण आहे का, वस्तू आजही चालू आहे का, आणि लोक समाधानी आहेत का. सन्मान ग्रामसभेत व्हावा आणि तो व्यक्तीच्या नावे असावा. वेळेवर आणि नेमका माल देणाऱ्या पुरवठादाराचे जाहीर आभार मानायलाही हरकत नाही, मात्र पुढच्या निविदेत त्याला कसलेही झुकते माप मिळता कामा नये आणि हे त्याच सभेत सांगावे.

रक्कम हाती आल्यावर

पुरस्काराबरोबर रक्कम आली की ती खर्च करणे ही पुन्हा सार्वजनिक खरेदीच. गांधी ग्राम पुरस्काराचे ५ लाख रुपये कशावर खर्च करायचे, याची सुरुवात पुन्हा गरजेच्या यादीने व्हावी. नंतर वर्णन, अंदाजपत्रक, दर, आदेश, तपासणी आणि हमी. त्या खरेदीची फाइल सर्वांत आधी आणि सर्वांत व्यवस्थित लागली पाहिजे, कारण पुढच्या वर्षी तालुक्यातील इतर पंचायती ती पाहायला येणार आहेत.